लोमी-लोमीला दाम, मर्दनाला जात

#धागा

१)
पुण्यातील एखाद्या स्पाचे दरपत्रक पाहिले, तर स्वीडिश, थाई, बालीनीज या नावांच्या रांगेत हल्ली आणखी एक नाव आढळते : हवाईयन लोमी-लोमी. बीड, माजलगाव किंवा अंबाजोगाईहून कामासाठी शहरात आलेला प्रवासी दिवसभराच्या दगदगीनंतर तेथे जातो, काही हजार रुपये मोजतो आणि हलक्या अंगाने बाहेर पडतो. यात गैर काहीच नाही. गैर आहे ते पुढचे. गावी परतल्यावर हाच प्रवासी अंगाला तेल लावणाऱ्या हाताला हलका मानतो.

२)
पॅसिफिक महासागरातील एका बेटाचे मर्दन ‘थेरपी’ ठरते आणि मराठवाड्यातील मर्दन ‘हलके काम’ ठरते, हा भेद तंत्राचा नाही. तेल, तळहात, दाब आणि वेळ दोन्हीकडे आहेत. भेद आहे तो हात कोणाचा आहे, याचा. मर्दनाची परंपरा या भूमीत लोपली नाही. ती करणाऱ्यांना अपमानित करून तिचा गळा आवळला गेला, हे या धाग्याचे प्रतिपादन आहे.

३)
प्रथम हवाईकडे पाहू. हवाईयन भाषेत ‘लोमी’ म्हणजे चोळणे, दाबणे, मळणे. शब्दाची द्विरुक्ती झाली की क्रिया पुन्हापुन्हा होत असल्याचा अर्थ येतो. हा शब्द स्वयंपाकघरातही चालतो. खारवलेला सॅमन मासा टोमॅटो-कांद्यासह हातांनी मळून केलेल्या पदार्थालाही तेथे ‘लोमी’ सॅमनच म्हणतात.

मराठी वाचकाला यात नवल वाटू नये. ‘मळणे’ आणि ‘तिंबणे’ ही क्रियापदे मराठीतही कणकेला लागतात आणि अंगालाही. दोन्ही भाषांना ठाऊक होते की पिठाला आणि स्नायूला मऊ करणारे कौशल्य एकाच हातात असते.

४)
लोमी-लोमी ही मूळची कौटुंबिक विद्या. प्रत्येक घराण्याची पद्धत निराळी. कोणी तळहात वापरी, कोणी कोपर, कोणी पाय, कोणी लाकडी दांडी किंवा दगड. आरंभी प्रार्थना होई. आज शहरी स्पांमध्ये कोपरापासून मनगटापर्यंतच्या हाताने लांबच लांब हात फिरवण्याची जी शैली दिसते, ती या अनेक पद्धतींपैकी एक. दरपत्रकावर मात्र तीच ‘हवाई’ म्हणून छापली जाते.

५)
या बेटांच्या संस्कृतीत मर्दनाला काय मान होता, याचा एक पुरावा १७७७ सालचा आहे. दर्यावर्दी जेम्स कुक तिसऱ्या सफरीत ताहिती बेटावर असताना त्याचा एक पाय कंबरेपासून खालपर्यंत दुखू लागला. तेव्हा तेथील राजाची आई, बहिणी आणि इतर स्त्रिया अशा डझनभर जणी जहाजावर आल्या आणि दोन्ही हातांनी त्याचे अंग दाबून काढले. कुकला आराम पडला. तो उपचार त्याने पुन्हा करून घेतला आणि रोजनिशीत त्याची नोंद केली.

नोंद घेण्याजोगा तपशील हा, की पाहुण्याचे अंग दाबण्यासाठी राजमाता स्वतः आली. तिच्या हाताला त्यामुळे कमीपणा आला नाही.

६)
हवाईतही तेच. अमेरिकी पत्रकार चार्ल्स नॉर्डहॉफ याने १८७४ साली प्रसिद्ध झालेल्या प्रवासवर्णनात लोमी-लोमीचे कौतुकाने वर्णन केले आहे. दिवसभर घोड्यावर बसून थकलेल्या प्रवाशाला यजमानाघरी मिळणारा हा पाहुणचार होता. प्रवास, थकवा, पाहुणा आणि मर्दन यांचा असा जुना संबंध आहे. पुण्यातील स्पा आज जे विकतो, ते मुळात आतिथ्य होते.

७)
मग त्या आतिथ्याचे काय झाले? १८९३ साली हवाईची राणी लिलिउओकलानी हिची सत्ता उलथवण्यात आली आणि १८९८ साली बेटे अमेरिकेने आपल्या राज्यात सामील केली. विसाव्या शतकात मर्दनाला परवाना लागू लागला. मार्गारेट मचाडो (१९१६–२००९) या स्थानिक हवाईयन स्त्रीने असा परवाना घेतला आणि १९७० च्या दशकात ही विद्या घराण्याबाहेरच्यांना व परक्यांनाही उघडपणे शिकवली. ‘आंटी मार्गारेट’ हे नाव आज जगभरच्या लोमी-लोमी शिकणाऱ्यांना परिचित आहे.

८)
एक कोडे तरीही उरले. आजीकडून विद्या शिकलेल्या हवाईयन माणसाने आजीचीच विद्या वापरण्यासाठी सरकारी मंडळापुढे परीक्षा का द्यावी? अखेर २००१ साली हवाईच्या विधिमंडळाने ‘कायदा १५३’ संमत करून स्थानिक परंपरेतील लोमी-लोमी करणाऱ्यांना त्या परवान्यातून मोकळीक दिली. त्यावरही वाद झाला. परंपरेला प्रमाणपत्र देणारे तुम्ही कोण, असे तेथील काहींनी विचारले.

हवाईयन समाजाने आपल्या हातांसाठी भांडण केले. मराठी समाजाने ते कधी केले?

९)
आता मराठवाडा. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटाने ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले. हा मराठीतील आद्य गद्य चरित्रग्रंथ. श्रीचक्रधरस्वामी गोदाकाठच्या प्रदेशात सतत फिरत होते. गेवराई तालुक्यातील पांचाळेश्वर हे महानुभावांचे आत्मतीर्थ आजही त्या वाटांची साक्ष देते.

या ग्रंथात एक जोडशब्द वारंवार येतो : ‘मर्दनामादने’. मर्दन म्हणजे अंगाला तेल चोळणे, मादने म्हणजे स्नान. वाटचाल करून आलेल्या सत्पुरुषाचे आधी मर्दनामादने व्हायचे, मग पूजा, मग आरोगणा म्हणजे जेवण.

१०)
प्रवाशाला मर्दन देणे ही गोष्ट बीडच्या मातीला परकी नाही, हे सांगण्यासाठी दुसऱ्या पुराव्याची गरज नाही. नॉर्डहॉफने हवाईत पाहिले, त्याच्या सुमारे सहाशे वर्षे आधी गोदाकाठी तेच चालू होते. आज त्याच गोदाकाठचा माणूस अडीचशे किलोमीटर दूर जाऊन ते विकत घेतो आणि त्याला परदेशी नवलाई समजतो.

११)
राजदरबारातही या विद्येला ग्रंथात जागा होती. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने शके १०५१, म्हणजे इसवी सन ११२९ च्या सुमारास ‘मानसोल्लास’ रचला. राजाने भोगावयाच्या वीस उपभोगांत त्याने स्नानभोग आणि पादाभ्यंगभोग यांना स्वतंत्र स्थान दिले. पायांना तेल लावून घेणे हा राजाच्या दिनक्रमातील एक शास्त्रशुद्ध भाग होता. ही कल्याणी म्हणजे आजचे बसवकल्याण. मराठवाड्याच्या सीमेला लागून असलेले गाव.

१२)
त्याहून जुनी चरकसंहिता. तेलाच्या मर्दनाचे महत्त्व पटवताना तिने दिलेले तीन दृष्टान्त मननीय आहेत : तेल मुरलेला घडा, तेल चोळलेले कातडे आणि वंगण घातलेला गाडीचा आख. या तिन्ही वस्तू स्नेहामुळे टिकाऊ होतात, तसेच शरीरही होते, असा त्याचा आशय.

घडा कुंभाराचा, कातडे चर्मकाराचे, आख सुताराचा. वैद्याने आपले शास्त्र श्रमिकांच्या कामशाळेतून उचलले. पुढे शास्त्र वैद्याचे झाले आणि कामशाळेला जात चिकटली.

१३)
‘मालिश’ हा शब्द फारसीतून आला, तो दख्खनच्या सुलतानी आणि पुढे निजामी अमलात येथे रुळला. बीड जिल्हा १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत हैदराबाद संस्थानात होता, त्यामुळे तेथील बोलीत असे शब्द विपुल आहेत. ‘मर्दन’ पोथीत राहिले, ‘मालिश’ चावडीत आली. क्रिया तीच राहिली. बदलला तो करणाऱ्याचा आणि करून घेणाऱ्याचा संबंध.

१४)
याच सुमारास ही विद्या समुद्रापलीकडे गेली. चांपणे, म्हणजे दाबणे, या हिंदी क्रियापदापासून इंग्रजीत ‘शाम्पू’ हा शब्द अठराव्या शतकात गेला. त्याचा मूळ अर्थ केस धुणे नव्हे, अंग दाबणे हा होता. पाटण्यात १७५९ साली जन्मलेले शेख दीन महंमद इंग्लंडमध्ये स्थायिक झाले, ब्रायटन येथे त्यांनी स्नानगृह काढले, १८२२ साली या विषयावर इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध केले आणि राजा चौथा जॉर्ज याचे ‘शाम्पूइंग सर्जन’ झाले.

१५)
इंग्लंडच्या राजाने हिंदी माणसाच्या तळहाताला ‘सर्जन’ ही पदवी दिली, त्या काळात बीड परगण्यातील तळहाताला काय मिळत होते? खळ्यावरचे बलुते. सुगी झाली की पेंढ्या, पायल्या. त्या बदल्यात वर्षभर गावाची हजामत, लग्नात मशाल धरणे, निरोप पोहोचवणे. आणि पाटील, कुलकर्णी किंवा दौऱ्यावर आलेला अंमलदार दमला असेल, तर त्याचे अंग रगडणे.

१६)
येथेच आतिथ्याचे रूपांतर वेठीत झाले. लीळाचरित्रातील मर्दन भक्तीने होई, ताहितीतील मर्दन राजमाता करी. गावगाड्यात मात्र ते जन्माने नेमून दिलेल्या माणसाकडून हक्काने करवून घेतले जाऊ लागले. नकार देण्याची सोय नव्हती. ज्या कामाला नकार देता येत नाही, त्या कामाची प्रतिष्ठा उरत नाही; मग ते काम कितीही कौशल्याचे असो.

१७)
वारकरी परंपरेने या अन्यायाला फार पूर्वी उत्तर दिले होते. संत सेना न्हावी यांची कथा महाराष्ट्रात सर्वतोमुखी आहे. महिपतीने ती अठराव्या शतकात ‘भक्तविजया’त गुंफली. सेना पूजेत मग्न असतात, राजाचे बोलावणे येते, ते जात नाहीत. तेव्हा विठ्ठल स्वतः धोपटी घेऊन, सेनांचे रूप धरून राजवाड्यात जातो, राजाची हजामत करतो, अंगाला तेल लावतो. आणि राजाला तेलाच्या वाटीत चतुर्भुज रूप दिसते.

१८)
या कथेचे कीर्तन शतकानुशतके झाले, तिचा अर्थ मात्र बाजूला ठेवला गेला. देवाने राजाला दर्शन देण्यासाठी गाभारा निवडला नाही, यज्ञमंडप निवडला नाही. त्याने निवडली तेलाची वाटी. मर्दन करणारा हात देवाचा हात होऊ शकतो, असे ही कथा उघड उघड सांगते. श्रोते कथा संपल्यावर माना डोलावून घरी गेले आणि दुसऱ्या दिवशी त्याच हाताला उंबऱ्याबाहेर बसवले.

१९)
नाभिक समाजाच्या पराक्रमाचा गौरव होतो, नाही असे नाही. प्रतापगडावरील १६५९ चा जिवा महाला आणि पन्हाळ्यावरील १६६० चा शिवा काशीद यांची नावे शाळकरी मुलांनाही ठाऊक असतात. परंतु हा गौरव तलवारीचा आहे. याच समाजाने पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या तळहाताच्या ज्ञानाचे काय? कोणती नस कुठे अवघडते, मानेवर किती दाब पुरतो, उसण भरलेल्या पाठीवर हात कोठून कोठे न्यावा, याची एक तरी पोथी सन्मानाने लिहून घेतली गेली का?

२०)
या हातांना विवेकही होता. १८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिकांची सभा भरली आणि विधवांचे केशवपन यापुढे करायचे नाही, असा निर्धार झाला. ज्यांना गावाने केवळ सेवेकरी मानले, त्यांनी उच्चवर्णीय घरांतील स्त्रियांवरील क्रौर्यात आपला हात वापरू देण्यास नकार दिला. नकार देताच हात माणसाचा झाला. प्रतिष्ठेची सुरुवात तेथून होते.

२१)
आता दुसरा हात : सुईणीचा. मराठवाड्याच्या गावागावांत बाळंतपण करणारी, बाळंतिणीचे अंग चोळणारी, बाळाला न्हाऊमाखू घालणारी ही स्त्री पुष्कळदा मातंग, महार किंवा नाभिक घरातली असे. ‘न्हाऊमाखू’ या शब्दातच तेल आहे. माखणे म्हणजे स्नेहाने लेपणे. बाज, शेगडी, ओव्याची धुरी, गोडेतेल आणि तिचे दोन हात. बाळंतपणाच्या दिवसांत बाळंतिणीचे मोडलेले अंग ती पुन्हा उभे करी.

२२)
तिला मोबदला मिळे तो लुगडे-चोळी, धान्य आणि नारळ. बाळंतिणीचे दिवस सरले, विटाळ फिटला, की घर शेणाने सारवले जाई आणि तिच्यासाठी उंबरा पुन्हा उंच होई. जन्मलेल्या जिवाला या जगात पहिला स्पर्श जिचा झाला, तिचाच स्पर्श पुढे त्याला चालत नसे. या वाक्यात अतिशयोक्ती वाटत असेल, तर घरातील ऐंशी वर्षांच्या आजीला विचारावे.

२३)
विज्ञान या बाबतीत उशिरा पोहोचले. १९८६ साली मायामी येथील टिफनी फील्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अकाली जन्मलेल्या बाळांवरील अभ्यास प्रसिद्ध केला. दिवसातून तीन वेळा, प्रत्येकी पंधरा मिनिटे अशी दहा दिवस ज्यांच्या अंगावरून हात फिरवला आणि ज्यांचे हातपाय हलवले, त्या बाळांचे वजन इतरांपेक्षा ४७ टक्के अधिक वेगाने वाढले. त्यानंतर जगभर ‘शिशुमर्दन’ हा अभ्यासाचा विषय झाला. बीडच्या सुईणीचे नाव त्यात नाही. असण्याचा प्रश्नही कोणाला पडला नाही.

२४)
सुईणीचे सारेच बरोबर होते, असा दावा येथे नाही. बाळाच्या नाकाकानात तेल सोडणे घातक असते. घरच्या बाळंतपणात माता दगावत, आणि दवाखान्यातील बाळंतपणामुळे जीव वाचले, हे निर्विवाद आहे. परंतु दवाखान्याने सुईणीच्या हातून बाळंतपण घेतले, तेव्हा तिच्या मर्दनाचे ज्ञान तपासून, चुकीचे गाळून, योग्य ते नोंदवून तिला त्याच व्यवस्थेत पगारी स्थान देता आले असते. तिला केवळ ‘अडाणी’ ठरवून घरी बसवणे सोपे पडले.

२५)
येथे तीन आक्षेप संभवतात.

पहिला, वारसाभिमान्यांचा : ‘हे सगळे आयुर्वेदात होतेच, हवाईकडे जायला नको.’ होते, हे वर सांगितलेच. पण पोथी स्वतः उठून कोणाचे अंग चोळत नाही. संहितेचा अभिमान बाळगणाऱ्याने ज्या हातांनी ती संहिता पिढ्यान्‌पिढ्या शरीरावर उतरवली, त्यांचाही अभिमान बाळगावा. श्लोक पाठ आणि नाभिकाचे घर अपरिचित, हा अभिमान अर्धवट आहे.

२६)
दुसरा, शहरी ग्राहकाचा : ‘स्पामध्ये स्वच्छता असते, प्रशिक्षण असते, खाजगीपणा असतो.’ खरे आहे, आणि ग्राहकाने त्याचे मोल द्यावे. पण स्वच्छ टॉवेल, बंद खोली आणि सहा महिन्यांचे प्रशिक्षण या काही हवाई बेटांवरच उगवणाऱ्या वस्तू नाहीत. त्या परळी किंवा केजमध्येही उभ्या राहू शकतात. भांडवल आणि मान मिळाला तर.

२७)
तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार, आणि तो नाभिक समाजातूनच येतो : ‘अंग रगडणे ही गुलामीची खूण होती. आमच्या बापजाद्यांनी ती टाकली. पुन्हा तिचे गोडवे कशाला?’

हा आक्षेप शिरसावंद्य आहे. ज्यांनी ते काम टाकले, त्यांनी योग्य केले. त्यांनी ते पुन्हा करावे, असे सुचवण्याचा अधिकार कोणालाही नाही. मात्र गुलामी सक्तीत होती, कौशल्यात नव्हती. सक्ती मोडणे हे समाजाचे कर्तव्य होते. समाजाने सक्ती करणाऱ्याला लाजवले नाही, कौशल्य असणाऱ्याला लाजवले.

२८)
याचा पुरावा तालमीत सापडतो. तेथे मल्ल एकमेकांची मालिश करतात, धाकटा थोरल्याची, थोरला धाकट्याची. कोणी कमी होत नाही, कारण कोणी कोणाचा बलुतेदार नसतो. पाटोदा तालुक्यातून आलेल्या राहुल आवारेने २०१८ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत ५७ किलो गटात सुवर्ण जिंकले, तेव्हा जिल्ह्याने मिरवणुका काढल्या. तालमीच्या लाल मातीत तेलाचा हात मानाचा, वेशीच्या आत तोच हात हलका. मग दोष तेलाचा कसा?

२९)
स्पाच्या बंद दारामागेही चित्र फारसे उजळ नाही. पुण्या-मुंबईच्या स्पांमध्ये राबणाऱ्या स्त्रियांपैकी अनेक जणी ईशान्येकडील राज्यांतून पोटासाठी आलेल्या असतात. ग्राहक त्यांना ‘थेरपिस्ट’ म्हणतो आणि शेजारी त्यांच्याकडे संशयाने पाहतो. पोलिसांची धाड पडली की वर्तमानपत्रात मालकापेक्षा त्यांचेच चेहरे आधी येतात. जुन्या गावाने हाताला जात चिकटवली, नव्या शहराने चारित्र्य. मोबदल्याची भाषा बदलली, नजर तीच राहिली.

३०)
आणि ज्या शरीरांना मर्दनाची खरी निकड आहे, ती कोठे आहेत? बीड जिल्ह्यातून दरवर्षी दिवाळीच्या आगेमागे लाखो माणसे ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. नवरा-बायकोची जोडी मिळून एक ‘कोयता’. माणसाला अवजाराचे नाव देणारी ही भाषा पुरेशी बोलकी आहे. पहाटेपासून वाकून तोड, मग डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकमध्ये भरणी. पाठ, मान, गुडघे पाच-सहा महिने हेच सोसतात.

३१)
या स्त्रियांच्या शरीराकडे राज्याचे लक्ष गेले ते २०१९ साली. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या पाहणीत बीड जिल्ह्यातील १३ हजारांहून अधिक ऊसतोड स्त्रियांची गर्भाशये काढली गेल्याचे समोर आले. दुखणे ऐकून घेण्याआधी अवयव काढून टाकण्याची ही तत्परता. मर्दनाने गर्भाशयाचे आजार बरे होत नाहीत, आणि तसे कोणी म्हणूही नये. प्रश्न एवढाच, की ज्या जिल्ह्यात श्रमाने मोडलेल्या पाठीवर हात ठेवणारे कोणी उरत नाही, तेथे दुखण्याचे ऐकणार कोण?

३२)
मग करावे काय? मागण्या तीन, तिन्ही साध्या.

एक : देशाच्या कौशल्यविकास योजनांत आधीपासून येणाऱ्या कौशल्याला परीक्षेअंती मान्यता देण्याची सोय आहे. तिचा लाभ गावोगावच्या सुईणींना आणि मर्दन जाणणाऱ्या वृद्ध नाभिकांना, त्यांची इच्छा असेल तर, मिळावा.

दोन : अंबाजोगाईला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तेथील डॉक्टर आणि विद्यार्थ्यांनी हे ज्ञान नोंदवून, तपासून, सांगणाऱ्याच्या नावानिशी प्रसिद्ध करावे.

तीन : ऊसतोड हंगामावरून परतलेल्या कुटुंबांसाठी ग्रामीण रुग्णालयांत फिजिओथेरपीबरोबर प्रशिक्षित मर्दनाची सेवा असावी, आणि ती देणाऱ्याला बलुते नव्हे, पगार मिळावा.

३३)
परळी वैजनाथ बीड जिल्ह्यात आहे. वैद्यांचा नाथ म्हणून त्याची ख्याती, आणि ज्योतिर्लिंगाला भाविकांनी स्वतः हात लावून घ्यायचे स्पर्शदर्शन हे तेथील वैशिष्ट्य. ज्या भूमीने देवाला स्पर्शाने जाणण्याची मुभा दिली, त्याच भूमीत बरे करणाऱ्या माणसाच्या स्पर्शाला विटाळ लागावा, हा विरोधाभास कोणत्याही शास्त्राने समर्थित होत नाही.

३४)
लोमी-लोमी जरूर घ्यावी. हवाईयन लोकांनी तिच्यासाठी कायदेमंडळापर्यंत झुंज दिली आहे. तिला मान देणे योग्यच. परंतु तेथे मोजलेल्या हजारो रुपयांतून एक धडाही सोबत न्यावा : हाताची किंमत देशाच्या नावावर ठरत नसते. जो समाज परक्या हाताला थेरपिस्ट म्हणतो आणि आपल्या हाताला त्याची जात विचारतो, त्याच्या अंगातील अवघडलेपण कोणत्याही तेलाने सुटणार नाही.

(समाप्त)